माथ्यावरचं पाणी

त्याचं आडनाव कोरडे नव्हतं. पण कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरांना ते ठाऊक नसे आणि जुन्यांना ते सांगण्यात रस नसे. 'कोरडे मिस्त्री' हे नाव त्याला इतकं चिकटलं, की एकदा पत्ता विचारत दाराशी आलेल्या माणसाला त्याच्या बायकोनेच सांगितलं, "हो, कोरड्यांचं घर हेच." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याने कानाआड केलं असतं. बायकोने म्हटलेलं मात्र त्याला लागलं. हे नाव कसं पडलं याची खरी हकिकत जगात तीनच माणसांना माहीत होती, आणि त्यांतली एक ती होती.

दुसरा तो स्वतः. तिसरे दादा, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ.

तरुणपणी तो छोट्या लाईनीवर फायरमन होता. जेमतेम दीड हात रुंदीचे रूळ, त्यावर डोंगर चढणारी चार डब्यांची गाडी, आणि पुढे एक काळं, बुटकं, खोकत चालणारं इंजिन. इंजिनाला सगळे 'म्हातारी' म्हणत. ड्रायव्हर होते दादा. ड्रायव्हरने हँडल धरायचं, शिट्टी वाजवायची आणि लोकांचे रामराम घ्यायचे. फायरमनने कोळसा टाकायचा आणि पाणी बघायचं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं ते काम होतं. गाडी वेळेवर पोचली की ड्रायव्हर हुशार, आणि उशीर झाला की फायरमनने वाफ नीट धरली नाही.

त्यातलं पाणी बघणं हे खरं जोखमीचं. भट्टीच्या छपरावर कायम पाणी लागतं. छप्पर उघडं पडलं तर ते तापून मऊ होतं आणि बॉयलर फुटतो. म्हणून छपरातच शिशाने भरलेला एक प्लग बसवलेला असतो. पाणी सरलं की आधी शिसं वितळतं, वरची वाफ त्या भोकातून विस्तवावर कोसळते आणि विस्तव विझतो. इंजिन वाचतं, माणसं वाचतात, अब्रू तेवढी जाते. छोट्या लाईनीवर गाडी रुळावरून घसरली तर लोक दैवाला बोल लावत. प्लग गेला तर मात्र माणसालाच लावत. त्याला दुसरं कारण असूच शकत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

आणि डोंगरावर पाणी किती आहे ते दाखवणारी काचसुद्धा खोटं बोलते. ताटात पाणी घेऊन ताट कलतं केलं तर पाणी एका कडेला जमतं, तसंच बॉयलरचं असतं. इंजिन चढाला लागलं की पाणी मागे, भट्टीकडे येतं. काचही मागेच, त्यामुळे काचेत अर्ध्याच्या वर पाणी दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. माथा ओलांडून इंजिनाचं नाक खाली झालं, की तेच पाणी धावत पुढे जातं आणि छप्पर उघडं पडतं. म्हणून चढाला लागायच्या आधीच पाणी भरून घ्यायचं, हे फायरमनला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता आणि दादांना वेळ भरून काढायची होती. पायथ्याशी त्याने पाणी घ्यायला हात घातला, तेव्हा दादा म्हणाले, "आत्ता नको. थंड पाणी गेलं की वाफेचा जोर पडेल. वर गेल्यावर घे."

"दादा, काच चढावर खोटी दाखवते."

"मग मी इथे कशाला बसलोय?"

त्याने हात मागे घेतला. बहीण देणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, एवढी त्याची समज होती. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. गाडी माथ्यावरून उतरायला लागली आणि प्लग गेला. उतारूंनी आपापली गाठोडी उचलली आणि ते शिव्या देत पायी डोंगर उतरले.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी दादा घरी आले. चहा घेतला, बशी पालथी घातली, आणि म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते सांग. मी काही म्हणणार नाही." बस्स, एवढंच. दादांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे अगदी खरं आहे. ते निघून गेले आणि बायको त्याच्या पायाशी येऊन बसली. वडील गेल्यावर दादाने मला लहानाचं मोठं केलं, म्हणाली. त्याची बढती तोंडावर आली आहे, म्हणाली. "तुमचं वय आहे. तुम्ही पुन्हा चढाल इंजिनावर. तो नाही चढणार." तिने त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले होते, आणि तिचे हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तो म्हणाला, "माझं पाण्याकडे लक्ष नव्हतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे तर संन्यासी स्वतःच सुळाचा रस्ता विचारत गेला. त्याला इंजिनावरून उतरवून कारखान्यात टाकलं, आणि तो पुन्हा कधीच चढला नाही. वय होतं, पण नावापुढे शेरा होता. दादांची बढती झाली.

कारखान्यात तो लेथवर काम शिकला आणि चांगला मिस्त्री झाला. नावही मिळालं, कोरडे. बॉयलर कोरडा पाडणारा म्हणून कोरडे. त्याने तेही चालवून घेतलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कुणाला!

त्याला खरं खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने. सगळे एकत्र जेवायला बसले की तो किस्सा निघायचा. पहिली काही वर्षं दादा तो सांगतच नसत. कुणी विचारलं तर विषय बदलत, आणि बायको मान खाली घालून ताटात बघत बसे. मग दादा मोघम सांगायला लागले. मग रंगवून सांगायला लागले. "अरे, आधी जावईबापूंना पाणी वाढा," ते म्हणायचे, "त्यांचं पाण्याकडे लक्ष नसतं!" पंगत हसायची. एकदा त्याने बघितलं तर बायको मान वर करून किंचित हसत होती. पुढे ती मोकळेपणाने हसायला लागली. आणखी काही वर्षांनी दादा यायच्या आधी तीच ते वाक्य म्हणायला लागली. दादांचा त्याला राग होता, पण राग पोसता येतो. बायकोच्या हसण्याचं काय करायचं ते त्याला कधीच कळलं नाही.

छोटी लाईन बंद पडली तेव्हा शेवटची गाडी दादांनी नेली. वर्तमानपत्रात फोटो आला. म्हातारी भंगारात निघाली आणि तिला कापायच्या टोळीत त्याचं नाव लागलं. कापायच्या आधी त्याने तिचं अंग न् अंग मोजून घेतलं. चाकं, दांडे, चिमणी, काचेची उंची, सगळं. टोळीतले म्हणाले, मिस्त्री, हिचा पोशाख शिवताय काय? तो म्हणाला, हो.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने म्हातारी पुन्हा बनवायला घेतली. खेळणं नव्हे. खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारी, कमरेला लागेल एवढी उंच, चार माणसांना न उचलणारी. मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, म्हणजे टेंडरवर, दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि एकट्याने चालवायचं. ड्रायव्हरही आपण, फायरमनही आपण. बॉयलर तांब्याचा केला. एक सिलिंडर ओतताना तीनदा फुकट गेलं. बोटं भाजली, पाठ धरली, निवृत्ती आली नि जुनी झाली. बायको शेजारणींना सांगायची, "माझी सवत मागे पत्र्याखाली ठेवली आहे. माझ्यापेक्षा तिचं अंग जास्त पुसतात." असं म्हणताना ती चिडलेली नसायची. चहा शेडमध्येच आणून द्यायची आणि उभी राहून बघायची. वाईट बाई नव्हती ती, आणि त्याला तेच तर अवघड जायचं.

अशी लहान इंजिनं बनवणाऱ्या एका जाणत्या माणसाने त्याला सांगितलं, की एवढ्या बॉयलरला शिशाचा प्लग लागत नाही, काचेवर नजर ठेवली की पुरतं. त्याने तरी बसवला. खऱ्या म्हातारीला होता ना, मग हिलाही हवा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर तो "वेळ जातो" म्हणायचा. पण त्याला हवं होतं ते एकच. म्हातारीला चढावर न्यायची, पायथ्याशी पाणी भरून घ्यायचं, आणि माथा ओलांडून भरल्या पाण्याने पलीकडे उतरायचं. एकदा. जमलं तर बायकोला मागच्या डब्यात बसवून. अंगणात दहा-बारा पावलांचे सरळ रूळ होते, त्यावर इंजिन पुढे-मागे चालायचं आणि झकास चालायचं. पण अंगणाला कुठला आलाय माथा!

माथा बागेत मिळाला. गावातल्या मोठ्या बागेच्या साहेबांना मुलांसाठी काहीतरी नवीन हवं होतं. शेडमध्ये येऊन त्यांनी इंजिन बघितलं आणि त्यांचे डोळेच दिपले. गोल रूळ टाकू, डबे करू, म्हणाले. बाग सपाट होती, रूळ सहज बसले असते. पण तळ्याकाठी एक टेकाड होतं, आणि रूळ त्याच्यावरूनच गेले पाहिजेत असा हट्ट याने धरला.

"मिस्त्री, उगाच खर्च वाढतोय," साहेब म्हणाले.

"साहेब, चढ नसेल तर मी इंजिन देत नाही."

आयुष्यात त्याने कुणाला इतकं ठणकावून क्वचितच सांगितलं असेल. साहेबांनी टेकाडावरून रूळ टाकले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो पितळी नळ्या पुसत बसला होता. बायको चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी निघून न जाता स्टूल ओढून बसली. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

"अहो, उद्या दादाला चालवू द्या ना."

तो पुसत राहिला.

"किती दिवस राहिलेत त्याचे? काठी घेऊन चालतो. एकदा हँडल हातात आलं तर जीव सुखावेल त्याचा. आणि साहेबांना मी बोलले आहे. ते म्हणाले, छोट्या लाईनीचे शेवटचे ड्रायव्हर, वा, फोटो छान येईल."

म्हणजे विचारायला ती आलीच नव्हती. ठरलेलं कळवायला आली होती.

"तुमचं काय, तुम्हाला रोजच चालवायची आहे," ती म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची त्याला सवय होती. "बरं," तो म्हणाला, आणि निवलेला चहा तसाच प्यायला.

सकाळी बागेत ही गर्दी! म्हातारी उन्हात चमकत होती, वाफ भरली होती, शिट्टीने मुलं कान झाकून नाचत होती. दादा इस्त्रीच्या कपड्यांत आले. दोघांनी धरून त्यांना टेंडरवर बसवलं. बसल्यावर मात्र त्यांची पाठ ताठ झाली आणि हात बरोबर हँडलवर गेला. हे त्यालासुद्धा मान्य करावं लागलं. तो वाकून हळूच म्हणाला, "दादा, दर फेरीला टेकाडाच्या आधी पाणी घ्या. वर काच खोटी दाखवते."

दादांनी मान मागे टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाण्याचं तू मला सांगतोस?"

ज्यांना किस्सा माहीत होता ते खो-खो हसले. ज्यांना नव्हता त्यांना शेजारच्यांनी तिथल्या तिथे सांगितला. बायको पहिल्या डब्यात बसली होती. तीही हसली.

पहिली फेरी सुरेख झाली, कारण पाणी त्यानेच भरून ठेवलं होतं. दुसरीही झाली. मुलं उतरेनात, नवी चढायला धावली, साहेबांनी हात केला, दादांनी शिट्टी मारली. तो रुळाच्या बाजूने इंजिनासोबत चालत होता. तिसऱ्या फेरीला काचेतलं पाणी खाली आलेलं त्याने पाहिलं आणि ओरडला, "दादा, पाणी!" दादांनी न बघताच हात हलवला. डबे भरलेले होते, चढ समोर होता, आणि वाफ पाडायची नव्हती. तेच ते, जसंच्या तसं. फक्त मधे अख्खा जन्म गेला होता.

टेकाडाच्या पायथ्याशी गाडी मंदावली. पाण्याचा नळ त्याच्याच बाजूला होता, हातभर अंतरावर. वाकून फिरवला असता तर झालं असतं. तो दोन पावलं धावलाही. आणि मग थांबला.

ते पाय आपोआप थांबले असं नाही. या इंजिनावर फायरमन नाही, हे त्याच्या मनात आलं. एकटे दादा आहेत. शंभर माणसं बघताहेत, आणि ती अगदी पाठीमागे बसली आहे. जाऊ दे प्लग. बघू दे सगळ्यांना, पाण्याकडे लक्ष कुणाचं नसतं ते. कुणाच्या जिवाला धोका नव्हता, भट्टीचं दार बंद होतं, प्लग त्यासाठीच बसवला होता. पायथ्याशी उभं राहून त्याने आपलं इंजिन माथ्यावर जाताना बघितलं.

ते पलीकडे झुकलं आणि दणका झाला. चिमणीतून, खालून, चहूकडून पांढरी वाफ उसळली. मुलांनी रडारड केली, आया धावल्या. दोघांनी दादांना उचलून उतरवलं. कुणाला इजा झाली नाही. दादांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता, आणि एक क्षण, एकच क्षण, त्यांनी याच्याकडे असं बघितलं, की आता ते बोलणार असं वाटलं.

साहेब विचारत होते, "काय झालं? काय झालं?"

दादांनी ओठ उघडले. पण त्यांच्या आधी बायको बोलली. पदराने कपाळ पुसत, लाजल्यासारखी, घरच्या माणसाची चूक पदरात घ्यावी तशी बोलली. "साहेब, यांनी पाणी नीट भरलं नसणार. यांचं पहिल्यापासून असंच आहे हो. तेव्हा डोंगरावरही असंच झालं होतं."

दादांनी ओठ मिटले, आणि काठी मागितली.

तो साहेबांकडे बघत उभा राहिला. इंजिनावर कोण बसलं होतं हे शंभर माणसांनी पाहिलं होतं. शंभर माणसांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. अगदी गोड बोलले. वाफेची जोखीम नको, मिस्त्री, मुलांचा प्रश्न आहे. आपण आतून बॅटरीवरची मोटार बसवू. दिसायला इंजिन तेच, शिट्टीचा आवाज भोंग्यातून येईल. बॉयलर रिकामाच ठेवायचा. "आणि हे काम तुम्हीच करा. तुमच्यासारखा माणूस आम्हाला कुठे मिळणार?" टेकाडावरचे रूळ काढून सपाटीवर घ्यायचंही ठरलं होतं.

तो घरी आला. दुपार कलली होती. बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. साहेब काय म्हणाले ते त्याने सांगितलं. "बॅटरी तर बॅटरी," ती म्हणाली, "निदान हात तरी भाजणार नाहीत तुमचे." खरोखर काळजीने म्हणाली.

तो समोर बसला. "एक विचारू? तेव्हा डोंगरावर प्लग गेला, ती चूक कुणाची होती?"

"आज काय हे मधेच?"

"सांग तरी."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. ती त्याच्याकडे बघायला लागली, आणि त्याने तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. लपवलेलं काही सापडेल म्हणून पाहिलं. तिथे काहीही नव्हतं. होतं ते निव्वळ नवल.

"मग कुणाची होती?" ती म्हणाली.

तू इथे माझ्या पायाशी बसली होतीस, असं त्याच्या ओठांवर आलं. तुझे हात गार होते. पण त्याच्याबरोबर टेकाडाचा पायथाही आठवला, हातभर अंतरावरचा नळ आठवला, आणि थांबलेले आपले पाय आठवले. पहिल्या वेळी तिने रडून सांगितलं म्हणून त्याने कबूल केलं होतं. या वेळी कुणी सांगायला आलं नव्हतं.

"माझीच," तो म्हणाला.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि सदऱ्याची घडी घातली.